उजव्या बाजूचा ओघळ

४ जानेवारी

प्रिय दादा,

आठवतं का, आपण दोघं स्वयंपाकघराच्या दारात पालथे पडून बाबांच्या ब्रशकडे बघत असायचो? आई ओरडायची, "फरशी गार आहे, उठा आधी." कोणी हलायचं नाही. बाबा बशीत टर्पेंटाइन घ्यायचे, सुईच्या टोकावर मावेल एवढा तपकिरी रंग त्यात कालवायचे आणि ब्रशचं टोक हातानं जोडलेल्या वीतभर विमानाच्या पंखावरच्या बारीक खाचेला नुसतं टेकवायचे. ते पातळ पाणी आपल्या आपण खाचेतून पळत जायचं, पार शेवटपर्यंत. तू ओरडायचास, "पळालं!" आणि मी म्हणायचे, "मला दिसलंच नाही, परत करा." बाबा परत करायचे. माझ्यामुळे एका पंखाला तास लागायचा आणि तू मला चिमटे काढायचास.

तुझं खोकं परवा मिळालं. सातही विमानं नीट पोचली. एकाची शेपटी निखळली होती, ती चिकटवली. अकरा वर्षांत पहिल्यांदा तू मला काही पाठवलंस, तेव्हा आधी आभार मानते. शाळेतल्या सिस्टरांनी लावलेलं वळण अजून सुटत नाही.

संध्याकाळी वहिनीचा फोन आला.

"वन्सं, बघितलीत का कशी नवीकोरी दिसतात? अहो, काय ती घाण! तीन दुपारी बसून होते. आधी भांड्याचा साबण आणि जुना टूथब्रश घेतला, पण छे, ढिम्म. मग ह्यांनीच स्पिरिटची बाटली आणून दिली."

मी म्हटलं, "हो, चकाचक झालीयेत." ती एवढ्या हौसेनं सांगत होती, दुसरं काय बोलणार?

पण दादा, ती घाण नव्हती हे तुला ठाऊक होतं. तीच तर बाबांची खरी कारागिरी. विमानाचे सुटे भाग काय, दुकानात मिळतात, कोणीही जोडेल. बाबा हँगरमधून घरी यायचे ते डोक्यात एकेका विमानाचा मळ भरून. करड्या विमानाच्या धुराड्यामागे काजळी उजवीपेक्षा डावीकडे जास्त, कारण डावं इंजिन जास्त पेट्रोल प्यायचं. पांढऱ्याच्या पंखावर चढायच्या जागी बुटाची खूण, कारण उडायला शिकवणारे जाडे मास्तर दर वेळी तिथंच पाय द्यायचे. वहिनीनं जाडे मास्तर पुसले, बिचारीला पत्ताही नाही.

तुला माहीतच आहे, फ्लाइंग क्लबाला साठ वर्षं झाली म्हणून दारातच काचेचं कपाट होतंय. २१ फेब्रुवारीला फीत तू कापणार, निवृत्त कॅप्टन म्हणून. कपाटात बाबांची विमानं मांडायची असं सेक्रेटरींनीच सुचवलं. छान. पण अशी धुतलेली खेळणी मी तिथं जाऊ देणार नाही. मी त्यांना परत मळवणार आहे. हसू नकोस. बासष्टाव्या वर्षी शिकायला लागतेय.

तुझी,
चिंगी


१७ जानेवारी

प्रिय दादा,

पत्राचं उत्तर आलं नाही. अपेक्षाही नव्हती, तरी पेटी रोज उघडते.

करडं विमान मी नासवलं. बाबा करायचे तसंच केलं, पण आधी वॉर्निशचा हात द्यायचा असतो हे मला माहीतच नव्हतं. टर्पेंटाइननं खालचा रंगच उचलला, पंखावर मगरीच्या पाठीसारखे पापुद्रे उठले. तसंच पिशवीत घालून हॉबीच्या दुकानात नेलं. दुकानदार माझ्याच वयाचा असेल, पण मी त्याला मनात म्हातारा म्हणते. त्यानं विमान उजेडात धरलं आणि विचारलं, "मॅडम, ह्याला काय विंचू चावला का?"

चांगला माणूस आहे. त्यानं सगळं पहिल्यापासून शिकवलं. आधी चकचकीत वॉर्निश, दोन दिवस वाळवायचं. मग पातळ रंग, ज्याला तो नुसतं 'वॉश' म्हणतो. तो खाचांमध्ये बसला की अर्ध्या तासानं वरचं जास्तीचं कापसाच्या काडीनं टिपायचं. मी टिपायला लागले तर लगेच हात धरला.

"हे विमान उभं आहे की उडतंय?"

"म्हणजे?"

"टेबल पुसल्यासारखं आडवंतिडवं पुसताय. उभ्या विमानावरून पाणी सरळ खाली ओघळतं. उडत्या विमानावर तेल मागे ओढलं जातं, वाऱ्याबरोबर. ओघळ कुठून निघाला आणि कुठल्या दिशेला गेला ते बघितलं की काय झालं होतं ते कळतं. मळ खोटा लावायचा नसतो, मॅडम."

बाबांना हा माणूस भेटायला हवा होता. दोघं दिवसभर एकमेकांशी शब्द न बोलता मजेत बसले असते.

करडं परत रंगवलं ते धरून आता सहा विमानं होत आली. जाडे मास्तर परत पंखावर चढलेत. पिवळं मात्र अजून खोक्यातच आहे.

दुसरी गोष्ट. सेक्रेटरींनी क्लबाच्या स्मरणिकेची पानं वाचायला पाठवली, बाबांचा फोटो आहे का विचारत होते. अकराव्या पानावर हे छापायचं आहे, जसंच्या तसं लिहिते: "मेकॅनिकच्या निष्काळजीपणामुळे तेल गळून पिवळे प्रशिक्षण विमान शेतात उतरवावे लागले. तरुण वैमानिकाच्या प्रसंगावधानामुळे प्राणहानी टळली."

तिसऱ्या पानावर तुझी प्रस्तावना आहे. तिथपासून अकराव्या पानापर्यंत अंतर फार नाही, दादा. तू वाचलं असणारच.

एक फोन कर. ते वाक्य काढायला सांग. मी सांगितलं तर मुलीचं प्रेम म्हणून सोडून देतील, तू सांगितलंस तर ऐकतील. मी याहून जास्त काही मागत नाही.

चिंगी


२९ जानेवारी

दादा,

तू फोन केलास, पण सेक्रेटरींना नाही, मला. आवाज ऐकून आधी किती बरं वाटलं म्हणून सांगू! अगदी बाबांसारखाच खाकरतोस आता. मग तू बोलायला लागलास.

"शेचाळीस वर्षं झाली, चिंगे. कोण वाचतंय अकरावं पान?"

"मी वाचलं."

"बाबांनी स्वतः ठरवलं होतं ते. तुझ्याकडून शब्द घेतला होता ना? त्यांचा शब्द मोडणार तू?"

आणि फोन ठेवता ठेवता, अगदी सहज, "ते पिवळं राहू दे तसंच. छान स्वच्छ आहे."

इतर सहांबद्दल अवाक्षर नाही. फक्त पिवळं. म्हणून फोन ठेवल्या ठेवल्या मी ते खोक्यातून काढलं आणि खिडकीत भिंगाखाली धरलं.

वहिनीचा हात मला आता ओळखू येतो. टूथब्रशचे गोल गोल ओरखडे, सगळीकडे सारखे, तारांचे एरियल मोडलेले. पिवळ्यावर तसं काही नाही. त्याची डावी बाजू कोणी शिवलेलीच नाही, बाबांची धूळ जशीच्या तशी आहे. उजवी बाजू तेवढी पुसलीय, आणि तीही सगळी नाही. इंजिनाच्या कडेला तेल भरायचं छोटं दार असतं ना, तिथून निघून दरवाज्यावरून, नंबरावरून, थेट शेपटीपर्यंत, बोटभर रुंदीचा पट्टा. कापसाच्या काडीनं, अगदी हळू, नंबराचा एकही आकडा न बिघडवता. वहिनी असती तर दोन्ही बाजू घासल्या असत्या. ती कामात भेदभाव करत नाही.

हे तू केलंस. कधी केलंस ते विचारत नाही.

पण तू पुढे बसणारा माणूस, तुला वॉशचा स्वभाव ठाऊक नाही. वरचा पुसला जातो, खाचेतला जात नाही. त्या छोट्या दाराच्या बिजागरीत तपकिरी रेघ आहे. दरवाज्याच्या फटीत आहे. नंबरातल्या आठाच्या पोटात आहे. बाबांनी तो ओघळ रंगवला होता, दादा. ज्यांनी आपल्याला गप्प बसायला सांगितलं त्यांनीच. घरी बसून, त्या वर्षी, कोणाला न दाखवता. आणि तू तो पाहिलास तेव्हाच ओळखलास.

आता मीही माझं सांगते, कारण या पत्रांमध्ये मी शहाजोगपणे गप्प राहिले आहे.

त्या सकाळी माझी शाळेची बस चुकली. केसांच्या रिबिनीवरून आईशी भांडत बसले होते. बाबा म्हणाले, "चल, सोडतो, मग जातो हँगरला." त्यांना उशीर झाला तो माझ्यामुळे. तेल मेकॅनिकनंच भरायचं हा नियम, पण तुझी वैमानिकाच्या परवान्याची परीक्षा आठ दिवसांवर, तुला उडायची घाई. तू स्वतःच भरलंस.

शाळेच्या वाटेवर आम्ही विमानतळाच्या कुंपणापाशी होतो. बाबांनी मोटरसायकल थांबवली, मान वर केली आणि म्हणाले, "बंद पडलं." मला काहीच ऐकू आलं नव्हतं, आणि तेच ते ऐकत होते. मग शेतातून, बांधावरून, मी पाठीमागे त्यांचा शर्ट धरून. पिवळं एका चाकावर कलंडलं होतं. तू पंखाखाली बसला होतास आणि एकच वाक्य म्हणत होतास, "झाकण बसलं होतं बाबा, बसलं होतं ना?" झाकण साखळीला लोंबकळत होतं. तिथून शेपटीपर्यंत काळा, चमकणारा ओघळ. मी आयुष्यात इतकी सरळ रेघ पाहिली नाही.

बाबांनी तुझे हातपाय चाचपले. काही मोडलं नाही बघून एकदाच डोळे मिटले. मग म्हणाले, "विमान तपासल्याची सही काल संध्याकाळी मी केलीय. चूकही माझीच." डिकीतलं फडकं चार हातांतच भिजलं. माझ्याकडे वळले. "स्वेटर दे."

शाळेचा निळा स्वेटर. मी दिला. नुसता दिला नाही, नंबरावरचं मी स्वतः पुसलं. मग त्यांनी झाकण घट्ट बसवलं, पाना घेऊन विमानाखाली आडवे झाले आणि खालचा बोल्ट ढिला केला. उरलंसुरलं तेल मातीत ठिबकायला लागलं. सरळ खाली. तपासणीवाले आले तेव्हा त्यांना तेवढंच दिसलं.

"तू काही पाहिलं नाहीस," बाबा मला म्हणाले. शाळेत सिस्टरांनी विचारलं, "स्वेटर कुठे?" मी म्हटलं, "बसमध्ये हरवला." त्या दिवशी बसमध्ये मी चढलेच नव्हते. कन्फेशनला जाणाऱ्या मुलींचा मला तेव्हा हेवा वाटायचा. त्या जाळीपलीकडे सगळं सांगून मोकळ्या व्हायच्या.

तर पुसणारे आपण तिघं. बाबांनी पुसलं, मी पुसलं, तू पुसलंस. फरक एवढाच की बाबांनी घरी येऊन तो परत रंगवला. आता माझी पाळी.

शब्दाचं म्हणशील तर, बाबांनी बोलायचं नाही असा शब्द घेतला होता. रंगवायचं नाही असा नाही घेतला.

चिंगी


१२ फेब्रुवारी

दादा,

सेक्रेटरी काल घरी आले. घाम पुसत बसले, चहा गार करून प्यायले, मग हळूच म्हणाले, "कॅप्टनसाहेबांचा फोन होता. ते वाक्य आम्ही बदललं."

मी उठून उभीच राहिले. मला वाटलं, झालं, माझा भाऊ भाऊच आहे.

त्यांनी पान पुढे केलं. "तांत्रिक कारणामुळे पिवळे प्रशिक्षण विमान शेतात उतरवावे लागले."

तांत्रिक कारण! दादा, तू शेवटी तांत्रिक कारण झालास की! मी इतकी हसले की ते बिचारे घाबरले.

"आणि कॅप्टनसाहेब म्हणाले," ते पुढे म्हणाले, "कपाटात जागा कमी आहे, तर सहाच विमानं ठेवू. पिवळं त्यांच्याकडे परत..."

"कपाट किती लांब आहे?"

"आठ फूट."

"आणि विमान?"

त्यांनी बोटांनी वीतभर दाखवलं आणि स्वतःच ओशाळले.

मी म्हटलं, "सात जातील, नाहीतर एकही नाही. कॅप्टनसाहेबांना सांगा, फीत कापून झाल्यावर रिकाम्या कपाटासमोर भाषण करा."

बाबांचा शिक्का, म्हणजे विमान पास करायचा अधिकारच, काढून घेतला तेव्हा ते पन्नाशीचेही नव्हते. पुढे सव्वीस वर्षं मोटारपंपाच्या दुकानात. विमान डोक्यावरून गेलं तर वर बघायचे नाहीत, पण हातातला पंप तसाच धरून म्हणायचे, "प्लग बदलायला झालाय त्याचा." तू तेव्हा जगभर उडत होतास. त्यांना तुझा अभिमान होता, त्यात खोट नव्हती, हे मी देवाची शपथ घेऊन सांगते. सौदा त्यांनी राजीखुशीनं केला होता. पण सौदा तुझ्या परवान्यापुरता होता. तू निवृत्त झालास त्या दिवशी तो संपला. त्यानंतर आठ वर्षं तू त्यांची वस्तू, त्यांचं चांगलं नाव, तुझ्याकडेच ठेवून घेतलीस.

ते गेल्यावर, तेराव्या दिवशीही नाही, तिसऱ्याच दिवशी मी तुला म्हटलं होतं, "आता तरी सांगू या." तू म्हणालास, "कोणाला सांगायचंय?" तेवढ्यावरून आपण अकरा वर्षं बोललो नाही. मीही काही कमी हट्टी नाही.

काल सेक्रेटरी गेल्यावर हात धुतले आणि बसले. पिवळ्याला वॉर्निश देऊन झालं होतं. छोट्या दाराच्या कडेला तेलरंगाचे तीन ठिपके दिले, दोन तपकिरी, एक काळा. चपटा ब्रश टर्पेंटाइनमध्ये बुडवून फडक्यावर टिपला, जवळजवळ कोरडाच, आणि ठिपक्यांवरून शेपटीकडे ओढला. एकदाच. थांबायचं नाही, परत मागे यायचं नाही. दरवाज्यावरून, नंबरावरून, आठाच्या पोटातून. माझा रंग बाबांच्या उरलेल्या रेघेवर बरोबर बसला. कुठे सरकवावा लागला नाही.

मी मोठ्यानं म्हटलं, "पळालं!" घरात ऐकायला कोणी नव्हतं.

चिंगी


२० फेब्रुवारी

प्रिय दादा,

उद्या तू फीत कापशील. हे पत्र आणि सोबतचं पुडकं मी क्लबाच्या गाडीबरोबर तुझ्या मुक्कामी पाठवतेय, म्हणजे आज संध्याकाळीच मिळेल.

सातही विमानं आज माझ्यासमोर कपाटात लागली. पिवळं मधल्या फळीवर आहे, उजवी बाजू काचेकडे. मांडणाऱ्या पोरीनं विचारलं, "हा डाग राहिलाय का पुसायचा?" सेक्रेटरीही वाकून बघत होते. मी म्हटलं, "उद्या कॅप्टनसाहेब येतायत. हे विमान तेच चालवत होते. त्यांना विचारा." एवढंच. मी शब्द मोडला नाही. मोडणारही नाही. पण उद्या कोणी तुला विचारलं तर तू काय सांगतोस ते मी पहिल्या रांगेत बसून ऐकणार आहे. निळी साडी नेसून येतेय, शोधावं लागणार नाही.

घाबरू नकोस. तुला कोणी तुरुंगात टाकणार नाही. बावीस वर्षांचा मुलगा होतास, झाकण नीट बसलं नाही, एवढीच गोष्ट. ती सांगायला तुला अजून भीती वाटते, आणि बाबांना तर ती स्वतःवर घ्यायलाही वाटली नाही. मला तुझा राग येतो तो एवढ्याचसाठी. बाकी तू माझा तोच चिमटे काढणारा दादा आहेस.

माझ्या डाव्या डोळ्याचं मधलं दिसणं गेलंय, उजव्याचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात. डॉक्टर म्हणाले, बारीक काम आता बंद. तेव्हा हे माझं शेवटचं विमान. आवराआवर करून टाकते.

सहा विमानं क्लबाला, कायमची. सातवंही क्लबालाच, पण एका अटीवर, आणि ती मी सेक्रेटरींकडून लिहून घेतलीय: त्याला स्पिरिट लावायचं नाही आणि बाजू फिरवायची नाही.

ब्रश, बशी आणि रंगाच्या बाटल्या हॉबीच्या दुकानातल्या म्हाताऱ्याला. तो नको नको म्हणेल. मी काउंटरवर ठेवून निघून येणार.

भिंग वहिनीला. तिला माझं प्रेम सांग, आणि म्हणावं, यापुढे काही घासायच्या आधी एकदा यातून बघ. तिनं निष्पापपणे स्पिरिटची गोष्ट सांगितली नसती तर मी पिवळं इतकं निरखून पाहिलंच नसतं, हे मात्र सांगू नकोस.

बाबांचा पाना तुझ्या लेकीला. तिनं मला मागे फोन करून विचारलं होतं, "आत्या, आजोबांचं काही आहे का गं तुझ्याकडे?" ज्या पान्यानं त्यांनी बोल्ट ढिला केला तोच आहे. कुठला बोल्ट आणि का, ते तिला तू सांगायचंस. मी नाही.

आणि पुडक्यात निळा स्वेटर आहे. बाबांनी तो हँगरमधल्या कपाटात ठेवला होता, शिक्का काढून घेतला त्या दिवशी जेवणाच्या डब्याबरोबर घरी आणला. त्यांनी रॉकेलमध्ये धुऊन पाहिला, आईनं उकळत्या पाण्यात धुऊन पाहिला, मी शाळा सोडेपर्यंत दर सुट्टीत धुऊन पाहिला. छातीवरचं तेल गेलं नाही. तो तुला.

उद्या आणायचा की नाही ते तुझं तू ठरव. फक्त धुवायला टाकू नकोस.

तुझी,
चिंगी